जेवणाचे भांडे घडवणाऱ्याने एवढे सांगायलाच हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हाताने घडवलेल्या मातीच्या भांड्यांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. गेली २२ वर्षे मी चाकावर बसते आणि मी जे घडवते त्यातले बहुतेक घरोघरी रोजच्या जेवणाला वापरले जाते, त्यामुळे या विषयाला वर्तमानपत्राने एवढी जागा दिली याचा मनापासून आनंद झाला. मात्र लेख संपल्यावर एक गोष्ट खटकत राहिली आणि ती लिहिल्यावाचून राहवत नाही. लेखात रंगांविषयी होते, पोताविषयी होते, मातीला हात लागला की मन कसे निवते याविषयीही पुष्कळ होते. पण ज्या ताटल्या, वाट्या आणि कप छापले होते त्यांत जेवता येते का, ते किती तापमानाला भाजले आहेत, त्यांच्यावरचा चकाकीचा थर कशाचा आहे, याविषयी एक ओळही नव्हती. शोभेच्या वस्तूला हे प्रश्न विचारले नाहीत तरी चालते. ज्या कपाला घरातले लहान मूल रोज ओठ लावणार आहे त्याच्याबाबतीत ते विचारलेच पाहिजेत, आणि कोणी विचारण्याआधी घडवणाऱ्यानेच त्यांची उत्तरे सांगून टाकली पाहिजेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

कपाचेच उदाहरण घेते. नवशिक्याला वाटते की कप म्हणजे एक लहानसा दंडगोल आणि त्याला डकवलेला कान. मला मात्र इतक्या वर्षांनंतरही कप करताना सर्वांत जास्त सावध राहावे लागते, कारण तो हाताने उचलायचा असतो, ओठांना लावायचा असतो आणि त्यात उकळते ओतायचे असते. माती वाळताना आकसते आणि भाजताना पुन्हा आकसते. उच्च तापमानाला भाजायच्या अनेक मात्यांचे हे आकसणे लांबीच्या हिशेबाने १२ टक्क्यांच्या आसपास भरते, म्हणजे चाकावरून उतरवलेला १० सेंटिमीटर उंचीचा कप भट्टीतून ८.८ सेंटिमीटरचा होऊन निघतो. उंची आणि रुंदी दोन्ही घटत असल्यामुळे आत मावणारे द्रव जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. शेवटी ज्यात ३०० मिलिलिटर मावायला हवे, तो ओला कप ४४० मिलिलिटरचा ओढावा लागतो. हा हिशेब हाताला बसायला मला दोन वर्षे लागली.

मग कान. मातीचा गोळा पाण्याचा हात लावत हळूहळू खाली ओढत नेला की त्याची चिवट पट्टी होते. ती पट्टी आणि कपाची भिंत दोन्ही एकाच ओलाव्याला आल्याशिवाय जोडायची नाहीत. अंगठ्याने दाबले तर जेमतेम ठसा उमटावा पण आकार हलू नये, इतपत ती वाळलेली असावीत. जोडायच्या जागी दोन्हीकडे सुईने आडव्याउभ्या रेघा ओरखडायच्या, मध्ये त्याच मातीचा पातळ चिखल भरायचा, नीट दाबून बसवायचे आणि कप प्लॅस्टिकखाली रात्रभर झाकून ठेवायचा, म्हणजे कानाचा आणि भिंतीचा ओलावा सारखा होतो. कान भिंतीपेक्षा ओला राहिला तर तो जास्त आकसतो आणि सांध्यावर केसाएवढी चीर पडते. पुढे ही चीर चकाकीच्या थराखाली झाकली जाते, विकताना कोणाच्या नजरेस येत नाही, आणि काही महिन्यांनी एखाद्या सकाळी भरलेला कप खाली पडतो आणि कान तेवढा हातात राहतो. असे प्रसंग घडतात तेव्हा लोक म्हणतात की हाताची भांडी नाजूकच असायची. तसे अजिबात नाही. नीट जोडलेला आणि नीट भाजलेला कान वर्षानुवर्षे टिकतो.

काठाकडेही असेच लक्ष द्यावे लागते. तो जाड ठेवला तर पेय ओठांवरून ओघळते, फार पातळ ठेवला तर धुताना कपचा उडतो, म्हणून ओल्या मातीचा काठ शेवटी मऊ चामड्याच्या पट्टीने दाबून गोल करायचा असतो. ताटलीचे दुखणे निराळे. तिचा काठ मधल्या भागाआधी वाळतो आणि वर उचलला जातो, तेव्हा काठ झाकून ठेवून मधला भाग आधी वाळू द्यावा लागतो. ताटल्या एकावर एक रचल्या जाणार हे ध्यानात ठेवून बुडाची कडा दगडावर घासून गुळगुळीत केली नाही, तर वरची ताटली खालचीला ओरखडते. झाकणाच्या भांड्याचे झाकण भांड्यावर ठेवूनच वाळवावे आणि भाजावे, म्हणजे दोघे एकत्र आकसतात आणि एकमेकांना सोडत नाहीत. या गोष्टी लहान वाटतील, परंतु भांडे पुढे वापरात राहणार की फडताळात पडून राहणार हे त्यांच्यावरच ठरते.

आता भाजण्याविषयी, कारण खरा घोळ तिथे होतो. साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिक रूपाने बांधले गेलेले पाणी निघून जाते, आणि त्यानंतर ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. तिचे खापर होते. याच टप्प्यात, ५७३ अंशांवर, मातीतले क्वार्ट्झचे स्फटिक एकाएकी फुगतात आणि भट्टी निवताना त्याच अंशावर पुन्हा आकसतात, म्हणून घाईने भट्टी उघडणाऱ्याच्या भांड्यांना तडे जातात. तापमान आणखी चढवले की मातीतले काही घटक वितळू लागतात आणि कणांमधल्या पोकळ्या बुजत जातात. तांबडी माती बहुधा १००० ते ११५० अंशांपर्यंत भाजतात आणि तिच्यात पोकळ्या शिल्लक राहतात. ज्याला स्टोनवेअर म्हणतात ती माती १२०० ते १३०० अंशांपर्यंत जाते आणि जवळजवळ दगडासारखी घट्ट होते. मात्र प्रत्येक मातीला तिचे स्वतःचे तापमान असते. १२५० अंशांची माती ११०० अंशांना काढली तर ती कच्ची राहते, आणि ११०० अंशांची माती १२५० अंशांवर नेली तर ती फुगते, वाकते किंवा भट्टीच्या फळीवर बसकण मारते.

भट्टीवरचा आकडा पाहून समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. तापमापक एका जागेचे, त्या क्षणाचे तापमान सांगतो. मातीवर परिणाम होतो तो तापमान आणि वेळ या दोन्हींचा मिळून. म्हणून भांड्यांच्या शेजारी ठरावीक मिश्रणाचे छोटे शंकू उभे करतात, आणि हवी तेवढी उष्णता मिळाली की ते वाकतात. जर्मनीत हेरमान झेगर यांनी १८८६ साली असे शंकू प्रचारात आणले आणि आजही त्यांच्याइतकी भरवशाची खूण नाही. वरच्या फळीवरचा शंकू पुरता वाकलेला आणि खालच्या फळीवरचा ताठ उभा, असे मी माझ्याच भट्टीत कितीदा तरी पाहिले आहे. त्या दोन फळ्यांवरच्या वाट्या दिसायला सारख्याच असतात, पण एक पक्की असते आणि दुसरी कच्ची.

हा कच्चेपणा मोजता येतो. घडवणाऱ्याने आपल्या मातीची, वर कोणताही थर न दिलेली एक पट्टी त्याच भट्टीत भाजावी, तिचे वजन करावे, ती पाच तास पाण्यात उकळावी, आणखी एक दिवस त्याच पाण्यात राहू द्यावी आणि पुसून पुन्हा वजन करावे. १०० ग्रॅमची पट्टी १०१ ग्रॅम भरली तर मातीने एक टक्का पाणी घेतले. १०६ ग्रॅम भरली तर वरचा थर कितीही देखणा असो, ते भांडे बुडाच्या उघड्या भागातून पाणी पीत राहणार. अशा भांड्याला वास लागतो, त्याच्याखाली ओलसर डाग पडतो, आणि मायक्रोवेव्हमध्ये ठेवले तर आत मुरलेले पाणी तापून कान असा चटका देतो की भांडे हातातून सुटावे. ताटल्या, वाट्या आणि कप यांच्या बाबतीत मी दोन टक्क्यांच्या वर जाणारी माती वापरत नाही. ज्यांना एवढे करणे शक्य नाही त्यांनी निदान कोरडे भांडे पाण्याने भरून रात्रभर कागदावर ठेवावे आणि सकाळी कागद पाहावा. मडके वाजवून घ्यावे असे आपल्याकडे म्हणतात तेही उगीच नाही. तडा गेलेले भांडे खणखणत नाही, बद्द वाजते.

या सगळ्याहून महत्त्वाचा आहे तो चकाकीचा थर, ज्याला आम्ही ग्लेझ म्हणतो. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवून बसवलेली काच. त्यात वाळूतले सिलिका असते, काचेला घट्टपणा देणारे अ‍ॅल्युमिना असते, वितळण्याला मदत करणारे घटक असतात आणि रंगासाठी लोह, तांबे, कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंची संयुगे असतात. प्रमाण जमले आणि ग्लेझ नीट वितळले तर हे धातू काचेत कोंडले जातात. प्रमाण चुकले, रंगद्रव्य भारंभार घातले किंवा ग्लेझ अर्धवट वितळले, तर आंबट पदार्थाच्या संगतीने ते धातू बाहेर पडतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. सुरुवातीच्या काळात मला एका मंद हिरव्या ग्लेझचे फार वेड होते. त्यात तांबे भरपूर होते, आणि ते चकाकू नये, मऊ दिसावे म्हणून मी भट्टी थोडी आधीच बंद करत असे. त्या हिरव्या वाट्या मी नात्यात हौसेने वाटल्या. माझ्या मोठ्या नणंदबाईंनी त्यांतल्या एकीत काहीतरी आंबट पातळ रात्रभर ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून विचारले, “अगं, तुझ्या वाटीचा रंग उतरायचा असतो का?” मी जाऊन पाहिले. जिथवर ते पातळ होते तिथवर वाटी आतून करडी, खरखरीत झाली होती आणि वर, बोटभर पट्ट्यात, तसाच हिरवा रंग होता. मधली रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ होती. म्हणजे खाली जो रंग नव्हता तो त्या पदार्थात गेला होता. त्या आठवड्यात मी घरोघर फिरून चौदाच्या चौदा वाट्या परत आणल्या आणि फोडल्या. कोणाला काही अपाय झाला नाही, पण ती रेघ मी अजून विसरलेले नाही, आणि त्यानंतर परीक्षा न केलेले ग्लेझ मी भांड्याच्या आतल्या बाजूला कधीही लावलेले नाही.

तांब्याहून शिसे कितीतरी घातक. शिशामुळे ग्लेझ कमी तापमानाला वितळते, आरशासारखे गुळगुळीत होते आणि रंग झळाळतात, म्हणून शेकडो वर्षे ते सर्रास वापरले गेले आणि ते हाताळणाऱ्या कामगारांच्या शरीरात भिनले. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याने होणारी इजा भरून येत नाही. शिशाच्या ग्लेझमध्ये हिरव्या रंगासाठी तांबे घातले तर शिसे आणखी सहज सुटते, हे तर अनेक घडवणाऱ्यांनाही ठाऊक नसते. भडक लाल आणि पिवळ्या रंगांत कॅडमियम हा विषारी धातू असू शकतो. याची तपासणी करण्याची पद्धत जगभर जवळजवळ एकच आहे: भांड्यात चार टक्के अ‍ॅसेटिक आम्ल भरून साध्या तापमानाला २४ तास ठेवायचे आणि त्यात उतरलेले शिसे व कॅडमियम प्रयोगशाळेत मोजायचे. युरोपातील १९८४च्या निर्देशाने जेवणाच्या खोलगट भांड्यांसाठी लिटरमागे ४ मिलिग्रॅम शिसे आणि ०.३ मिलिग्रॅम कॅडमियम ही मर्यादा घातली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कपांसाठी शिशाची मर्यादा लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमवर ठेवली आहे. ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवून रंग बदलतो का ते पाहण्याची घरगुती युक्ती मीही वापरते, पण तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. रंग बदलला तर ग्लेझ नापास झाले हे निश्चित. बदलला नाही म्हणून ते पास झाले असे मात्र मुळीच होत नाही, कारण शिसे डोळ्यांना दिसत नाही. शिसे असलेला कच्चा माल मुळातच कामाच्या जागी न आणणे हा एकच खात्रीचा उपाय आहे.

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की कमी तापमानाची, बिनग्लेझची तांबडी भांडी कमी दर्जाची. पिण्याच्या पाण्याचे मडके पाणी गार ठेवते ते त्याच्या पोकळ्यांमुळेच; भिंतीतून पाझरलेले पाणी बाहेर उडून जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. ते मडके स्टोनवेअरइतके घट्ट भाजले तर त्याचा उपयोगच संपेल. विस्तवावर चढणाऱ्या भांड्याचेही तसेच आहे. त्याच्या मातीत मुद्दाम जाडसर वाळू किंवा खापराचा चुरा मिसळतात आणि बूड गोलाकार ठेवतात, म्हणजे एका बाजूने आच लागली तरी ताण पसरतो आणि बारीक चीर पुढे धावत नाही. दगडासारखी घट्ट स्टोनवेअरची वाटी थेट ज्योतीवर ठेवली तर ती तडकेल. चीनमधील श्यानरेनतोंग गुहेत सापडलेली सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची खापरे ही जगातली सर्वांत जुनी ज्ञात भांडी मानली जातात, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगावर जळाल्याच्या खुणा आहेत. ती भाजली गेली होती साध्या उघड्या आगीत, आणि तरी शिजवण्याच्या कामाला पुरेशी होती. कोणते भांडे कोणत्या कामाचे हे ओळखणे, यातच घडवणाऱ्याचे निम्मे शहाणपण आहे. “माती नैसर्गिक, म्हणून भांडे सुरक्षित” हे वाक्य मी अनेकांकडून ऐकते आणि दर वेळी मला काळजी वाटते, कारण शिसेही जमिनीतूनच येते.

आपल्या लेखात जपानमधील लोककलेच्या चळवळीचा उल्लेख होता. त्या उल्लेखाला थोडी पुस्ती जोडते. यानागी सोएत्सु यांनी हामादा शोजी आणि कावाई कान्जिरो या दोन कुंभारांच्या सोबतीने १९२५ मध्ये ‘मिंगेई’, म्हणजे लोककला, हा शब्द रूढ केला आणि १९३६ मध्ये टोकियोत त्या वस्तूंचे संग्रहालय उघडले. अनाम कारागिरांनी साध्या माणसांच्या रोजच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तूंमधले सौंदर्य त्यांनी जगाला दाखवले. पण त्या वाट्या सुंदर झाल्या त्या रोज वापरल्या गेल्यामुळे, आणि घडवणाऱ्याने एकच वाटी हजारो वेळा घडवल्यामुळे. आज त्यांचे वेडेवाकडेपण तेवढे उचलले जाते आणि पक्केपणा मागे राहतो, याचे मला वाईट वाटते. मुद्दाम वाकडा केलेला काठ आणि हजाराव्या वाटीवर सहज उमटलेला हाताचा हेलकावा यांतला फरक रोज त्यात जेवणाऱ्याला काही दिवसांतच कळतो.

शिकवणाऱ्यांसाठीही दोन शब्द. हल्ली दोन तासांच्या वर्गात प्रत्येकाला एक कप करून घरी नेता येतो. यात गैर काही नाही, मातीची गोडी अशीच लागते. परंतु तो कप कोणत्या मातीचा आणि किती अंशांना भाजला आहे, त्यातून पिता येईल की त्यात फक्त पेन्सिली ठेवायच्या, हे सांगून तो हातात द्यावा. ज्याला पुढे शिकायचे आहे त्याच्याकडून एकाच मापाचे वीस कप ओळीने करून घ्यावेत आणि त्यातले निम्मे तारेने उभे चिरून भिंतीची जाडी दाखवावी. तळाशी जाड आणि वर पातळ असलेली भिंत पाहिल्यावर जे उमगते ते तोंडी सांगून उमगत नाही. आणि मातीचा कोरडा धुरळा झाडूने कधीही झाडू देऊ नये. त्यातले सिलिकाचे बारीक कण फुप्फुसात जाऊन बसतात, त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. फरशी ओल्या फडक्याने पुसावी, एवढी सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

मी स्वतः प्रत्येक भांड्याच्या बुडावर, जिथे ग्लेझ नसते तिथे, लोहाच्या काळ्या रंगाने मातीची खूण, भाजण्याचे तापमान आणि साल लिहिते, आणि शोभेचे भांडे असेल तर “जेवणासाठी नाही” असेही स्पष्ट लिहिते. एका भांड्यामागे अर्धा मिनिट लागतो. सर्वच घडवणाऱ्यांनी हे करावे असे मला वाटते, आणि विकत घेणाऱ्यांनी भांडे उलटे करून बूड पाहण्याची, विचारण्याची आणि नीट उत्तर मिळाले नाही तर ते परत ठेवण्याची भीड बाळगू नये.

आपल्याला नम्र विनंती अशी की, या विषयावर पुन्हा लेख प्रसिद्ध कराल तेव्हा प्रत्येक छायाचित्राखाली भांडे कोणत्या मातीचे, किती अंशांना भाजलेले आणि जेवणासाठी आहे की मांडून ठेवण्यासाठी, या तीन गोष्टी अवश्य छापाव्यात. त्यासाठी आपल्या प्रतिनिधींना माझी भांडी, आणि मुद्दाम जपून ठेवलेली कच्ची व तडकलेली भांडीही, दाखवायला मी आनंदाने तयार आहे.

आपली विश्वासू,
मातीकाम करणारी एक वाचक